दोनला तीन

तासगाव रस्त्याला, शीतगृहाच्या काट्यावर
बेदाण्याच्या पेट्यांनी भरलेला ट्रक उभा.
काट्याचा लाल आकडा म्हणतो, चौदा हजार दोनशे साठ.
आतल्या खोलीत संगणक म्हणतो, शून्य.
कारकून महावीर उपाध्ये म्हणतात,
"बाई, सकाळपास्नं ह्यो असाच मुका."

मुका नाही.
एकाचं दुसऱ्याला ऐकू येत नाही, एवढंच.

मी गुडघ्यावर बसते. टेबलाखाली
कोळ्याचं जाळं, एक चिरडलेला बेदाणा,
आणि नऊ पिनांचा जुना कनेक्टर,
वर पाच, खाली चार,
घाईत कुणी उलटा बसवू नये
म्हणून एका अंगाला निमुळता.

कुपवाडच्या शेडमध्ये इलियासचाचांनी
पहिल्या दिवशी हाच हातात दिला होता.
"दोनवर ऐकायचं, तीनवर बोलायचं.
पन दोघंबी तीनवरच बोलत्यात,
मग तीनला तीन जोडून काय उपेग?
याचं तीन त्याच्या दोनला, त्याचं तीन याच्या दोनला.
पाचला मात्र पाच. जमीन दोघांची एकच."

मी एकोणीसची. आयटीआयचा दाखला कोरा करकरीत,
घरात वडील आणि भाऊ दोघंही तीनवरचे.
मी हसले. ते हसले नाहीत,
सोल्डर वितळायची वाट बघत होते.

सात आणि आठ ते आपसात बांधून टाकत.
एक विचारतो, पाठवू का?
दुसऱ्या टोकानं म्हणायचं असतं, पाठव.
तिकडे उत्तर देणारं कुणी नसेल
तर आपलाच प्रश्न आपल्याकडे वळवायचा
आणि होकार समजून कामाला लागायचं.
हे मी पुढे पुष्कळदा वापरलं,
जिथे तारच नव्हती तिथेसुद्धा.

केबल सोलली की त्यांचं ठरलेलं,
"पद्मजा, रंग कुठला?"
लाल, मी सांगायची. हिरवा. तपकिरी.
"नीट बघ. परत सांग."
अकरा वर्षं ही परीक्षा.
माझ्या हाताखाली दोन पोरं आली तरी
त्यांच्यादेखत, "पद्मजा, रंग कुठला?"
राग यायचा. गिळायची.

आज झाकणाचे दोन स्क्रू काढते.
काम त्यांचंच. डाग गोल, चकचकीत,
ज्वारीच्या दाण्याएवढा.
आणि तारांना पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी.
दोनच्या तारेला दोन.
तीनच्या तारेला तीन.
पाचच्या तारेला, नखानं मोजते, पाच.
गाडीखाली जाऊन दुसरं टोक उघडते,
तिथंही तशाच, तितक्याच.

लाल आणि हिरवी शेजारी शेजारी.
गाठी कशाला लागतात मग?

झाकणाच्या आत त्यांनी पट्टीवर तारीख लिहिलेली,
मी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षाची.
तोवर ते दोरा वापरत होते.
नंतर मी आले.

ड्रायव्हर दोनदा हॉर्न मारतो.
उपाध्ये वाकून विचारतात, "सापडलं का काय?"
सापडलं. काट्याकडची तीनची तार
उंदरानं अर्धी खाल्लेली, गाठींसकट.
नवी जोडते. डाग ज्वारीएवढा जमत नाही,
हरभऱ्याएवढा होतो. असू दे.
बेदाण्याच्या पेटीचा दोरा तोडून
तीन गाठी मारते.

आत आकडा उमटतो. पावती निघते.
ट्रक हलतो, काटा थोडा डुलून शून्यावर येतो.

मी मिरजेला फोन लावते.
चाचा, तुमचा तासगावचा काटा. तीनची तार गेली होती.
पलीकडे खोकला, नातवंडांचा गलका,
मग तोच आवाज,
"रंग कुठला व्हता?"

हिरवा, मी सांगते.
"नीट बघितलास?"
बघितला, चाचा.
परत सांगते,
हिरवा.