टाच

चार फूट साडेसात.
अर्धा इंच मी सोडत नाही, कुणी हसलं तरी.
बँकेत माझ्या खुर्चीखाली एक पाट आहे,
सव्वीस वर्षं तोच,
तरी काउंटरपलीकडून माणसं आधी विचारतात, "कुणी आहे का?"
मग वाकून बघतात.

लहानपणी दादांची चोवीस इंची मी कैचीनं चालवली.
दांडीखालून एक पाय पलीकडे,
सगळं अंग एका कडेला वाळत घातल्यासारखं,
गोडोलीच्या तळ्यापर्यंत आणि परत.
भावंडं एकेक करून सीटवर गेली.
मी कैचीतच राहिले. मग साडी आली. मग नोकरी. मग लुना.

एकोणपन्नासाव्या वर्षी डोक्यात आलं, कुठून ते विचारू नका,
वळलेल्या हँडलची हवी, बारीक टायरची,
जिच्यावर पोरं पहाटे यवतेश्वर चढतात
आणि उतरताना नुसती एक किर्रर्र मागं ठेवतात.

दुकानदार भलेच होते सगळे.
एकानं टोपलीवाली दाखवली, फुलाफुलांची.
एकानं सीट खाली, अजून खाली, नळी संपेपर्यंत नेली,
म्हणाला, "बसा की."
बसले. बोटं ब्रेकला पुरेनात.
वळवली तर चपलेचं टोक पुढच्या चाकात.
दांडीवर पाय टेकायला गेले तेव्हा काय झालं
ते मी कुणाला सांगणार नाही, तुम्हालाही नाही.
पुण्यात काचेच्या मोठ्या दुकानात
पोरानं मला मापलं, कॉम्प्युटरकडे बघितलं,
"मॅडम, एक्सएससुद्धा..." म्हणाला
आणि वाक्य तिथंच स्टँडला लावलं.

दस्तगीर मेस्त्रीनं भिंतीशी उभं केलं,
दोन पायांत वही धरायला लावली, खडूनं रेघ मारली.
"पासष्ट सेंटीमीटर. सातशेचं चाक तुम्हाला
या जन्मात व्हायचं नाही ताई.
शर्यतीत उतरणाऱ्या बारक्या पोराची बघा.
म्हणजे असा पोरगा, जो आता वाढलाय."

असा पोरगा सांगलीत निघाला, विश्रामबागेत.
दार सन्मती मगदूमनंच उघडलं. सहा फूट.
"कुणासाठी बघताय, काकू?"
माझ्यासाठी, म्हटलं.
बिचारा कानापर्यंत लाल झाला.

सायकल जिन्याखाली, जुन्या चादरीत.
निळी. चव्वेचाळीसची फ्रेम.
बाटलीच्या पिंजऱ्यात आवळ्याचं एक वाळकं बी.
"वर्षभर चालवली जेमतेम," त्याची आई म्हणाली,
"मग वाढलाच की सुटल्यासारखा."
स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा, तारखांसकट.
"उभ्या राहा बघू इथं."
चपला काढून राहिले.
माझं डोकं दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या मधे आलं.
या उंचीवर तो पाच महिने थांबला होता,
एस.टी.तून चहाला उतरतात तसा.
माझं तिथं घर आहे.
"मारू रेघ?" सन्मतीनं विचारलं.
मार, म्हटलं. त्यानं तारीख घातली,
नाव विचारून घेतलं, हेमलता, ते नीट लिहिलं.

बारा सांगितले, अकराला दिली, वर पंप फुकट.
दस्तगीरनं स्टेम आखूड केला, ब्रेक आत ओढून घेतले,
बी तेवढं मी काढू दिलं नाही.

आता सहाला मी घाटात असते.
भरभर नाही. तिसऱ्या वळणाला धाप, माकडं बघतात.
मागून दुधाची मोटारसायकल ओरडते, "ए बाळ, कडेनं!"
पुढं जाऊन वळून बघते,
करडी वेणी दिसते, किटल्या खडखडतात.

येताना पोवई नाक्यावर थांबायचं कारण नसतं.
थांबते.
सीटवरून पुढं उतरते, दांडी दोन पायांत,
आणि डावी टाच, अख्खी टाच, खाली टेकते.
रस्ता अजून गार असतो.