फौजदारी

दोंडाईचा स्टेशनच्या मालधक्क्यामागं,
जिथं मिरच्यांची पोती उतरताना
हमालांसकट अख्खी गल्ली शिंकते,
तिथं कौतिकबाई भोईंची टपरी.
कळण्याची भाकरी, भरीत, फौजदारी डाळ.
बाकडी तीन. त्यातलं एक रेल्वेच्या जुन्या स्लीपरचं,
ते कुठून आलं हे कुणी विचारत नाही.

एकाच आठवड्यात तिला दोन नोटिसा आल्या.
रेल्वेची हिंदीत, सात दिवसांची.
बांधकाम खात्याची मराठीत, पंधरा दिवसांची.
दोन्हींच्या घड्या घालून तिनं
डाळीच्या डब्याखाली सारल्या,
डबा डुगडुगत होता म्हणून.

मग मला धाडलं मोजणीला.
मी भूकरमापक. पगार राज्याचा,
हातातलं यंत्र मात्र दर मिनिटाला
आभाळातल्या उपग्रहाला विचारतं, मी कुठं आहे?

जळगावच्या अभ्यासिकेत चार वर्षं
तिन्ही सूच्या मी पाढ्यांच्या चालीवर घोकल्या होत्या.
रेल्वे केंद्राची, जमीन राज्याची.
मीठ केंद्राचं, बाजार राज्याचा.
वीज दोघांची, जंगल दोघांचं,
फौजदारी कायदा दोघांचा,
आणि दोघांचं जुंपलं तर बहुतेक दिल्लीचं खरं.
यादीत नसेल ते कुणाचं?
या एका प्रश्नाला मी 'राज्य'चा गोल काळा केला.
अर्ध्या गुणानं नायब तहसीलदार व्हायची राहिले.

पाणिग्रही साहेबांनी कापडावरचा नकाशा उलगडला,
साहेबाच्या काळातला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या.
देवरे अभियंत्यांनी मोबाईल पुढं केला.
मला वाटलं होतं, हद्द चुलीतून जाणार,
राख यांची, निखारे त्यांचे,
आणि धूर? धूर समवर्ती.
पण दुपारी दीडपर्यंत तीनदा मोजलं
तरी दोन रेघा एकमेकींना शिवेनात.
मधे अडीच फूट जागा उरली.
कुणाच्याच नकाशात नसलेली.
चूल बरोबर तिथं.
चुलीमागं तुंबलेली नालीही तिथंच.

नाली दिसताच पाणिग्रही म्हणाले,
यह तो स्टेट का मामला है.
देवरे म्हणाले, छे हो, पाणी तुमच्या यार्डातून येतं.
सकाळपर्यंत दोघांचीही असलेली जागा
दुपारी दोघांचीही नव्हती.
नोटिसांवरच्या सह्या तेवढ्या होत्या.

कौतिकबाईनं भाकर थापता थापता विचारलं,
"माय, मनी चूल कोनी शे, इतलंच सांग.
बाकीनं मी दखी लिसू."

मी म्हटलं, मावशी, ती उरलेल्या जागेत आहे.

"मंग उरनं ते कोनं?"

तोच प्रश्न. पर्याय चार, गुण दोन.
आता उत्तर मला झोपेतही येतं.
पण तिच्या हातावरची भाकर फिरत होती
आणि समोर दोन्ही सरकारं
एकाच बाकड्यावर, त्या स्लीपरच्या,
डाळीला घाम पुसत बसली होती.
तिखट फार आहे, असं दोघंही म्हणाले.
कांदा दोघांनीही मागितला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
'जागेवर चूल पेटती आढळली.'
वरिष्ठ याचा काय अर्थ लावतील, ते लावोत.
डाळीचे चाळीस दिले, तिनं दहा परत केले,
मोजणीची नक्कल मागून घेतली,
वाचली नाही.
चार घड्या घालून
नोटिसांच्या शेजारी डब्याखाली घातली.

मागच्या गुरुवारी पुन्हा त्या बाजूला गेले होते.
दोन्ही खात्यांकडून काही आलेलं नाही.
नाली तशीच आहे.
डबा आता दुसऱ्या बाजूनं डुगडुगतो.