गुर्द्यावरची चरबी

बुधवारी पहाटे साडेपाचला
लक्ष्मीपुरीच्या दुकानात अण्णा मला कुप्या देतात,
बर्फात खोचलेल्या, वर चिठ्ठी:
"पालवं. चार म्हयन्याचं. पट्टणकोडोली. गुर्दा."
अक्षर वाकडं, नोंद सरळ.

मी त्या प्रयोगशाळेत नेते.
चरबी विरघळवते, गाळते, सुईनं यंत्रात सोडते.
अर्धा तास ते घुमतं
आणि कागदावर डोंगर काढतं.
हा ओलेइक, हा पामिटिक,
आणि हा बुटका रुंद स्टिअरिक,
ज्याच्यामुळं मेंढराचा रस्सा वाटीत गार झाला
की टाळूला मेण बसतं.

अण्णांना हे सगळं
चाळीस वर्षं अंगठ्यानं कळत होतं.
पेराखाली कणभर चरबी धरायची, दहा मोजायचे.
वितळली, तर दुधावरचं पालवं.
नुसती नरमली, तर पाल्यावर गेलेलं.
ढिम्म राहिली, तर
"म्हातारं हाय ह्ये, पाव्हण्यास्नी नको, खिम्याला लावा."

"बोकड आपली श्रीमंती पोटात ठेवतंय,
मेंढरू पाठीवर मिरवतंय,"
असं गिऱ्हाइकाला सांगायचे सुरी पुसत,
"म्हणून पोरगी द्यायची तर बोकडाच्या घरात."
रांग हसायची.
मी गल्ल्याच्या मागं बसून पाढे पाठ करायची,
मला राग यायचा.

गेल्या आखाडात, ऐन गर्दीत,
अण्णांनी दहा मोजले, मग वीस,
मग दिगूला हळूच विचारलं, "सुटली का रं?"
चरबी मनगटावरून कोपराकडं चालली होती.

अंगठा तिथंच आहे. नखही वाढतं.
शुगरनं आतून विझवलाय एवढंच.

हे कुणाला सांगायचं नव्हतं.
पण श्रावण संपल्यावर सासनेकाकू आल्या,
डबा हातात, पदर नाकाला:
"अण्णा, पांढऱ्या रश्श्याला वास मारला ओ.
व्याह्यांनी वाटी तशीच ठेवली."
अण्णांनी पैसे परत केले. त्यांनी घेतले नाहीत.
ते जास्त लागलं.

तेव्हापासून कुप्या.

एकदा एका कोकराचा आलेख वेगळा आला.
दुधाची खूण जिथं असायची तिथं
जेमतेम एक उंचवटा,
आणि मागं कोरड्या चाऱ्याची लांबलचक रांग.
मी म्हटलं, अण्णा, याचं दूध फार लवकर तुटलंय.
त्यांनी सिदू धनगराला फोन लावला.
सिदू थोडा वेळ गप्प,
मग म्हणाला, व्हय, मेंढीला पान लागलं हुतं,
हे अठरा दिसांचं हुतं तवा.
तुमास्नी कुणी सांगितलं?

अण्णांनी फोन ठेवला.
लाकडाच्या ओंडक्यावर मीठ टाकून
नेहमीपेक्षा जास्त वेळ घासत राहिले.
मग म्हणाले, "मला मामाकडं आणून सोडलं
तवा मी तीन वर्साचा.
आयचं तोंड न्हाय ध्यानात."
पुढं काही नाही.
"ह्ये निघतंय व्हय तुझ्या मशिनीत?"

निघत नाही, म्हणाले.
खरं तर मला ठाऊक नाही.

आज त्यांनी कुपी भरलीच नाही.
माझा हात ओढला, अंगठ्याखाली पांढरा कण ठेवला,
दुसऱ्या बोटानं वरून दाबला.
"मोज."
बाहेर रिक्षा थांबली, कुणीतरी अर्धा किलो मागितलं,
दिगू हाडं तोडत होता.
पाचला कडा हलली.
सातला तो कण उरला नाही,
नुसतं ऊबदार ओलं काहीतरी.
"सात," मी म्हटलं.
"दुधावरचं," ते म्हणाले, आणि सासनेकाकूंसाठी
पुढची मांडी बाजूला काढून ठेवली.

उरलेलं मी नेलं, यंत्राला दिलं.
आलेख दुपारीच आलाय,
टेबलावर पालथा पडलाय.
तीनदा साबण लावला, हाताचा वास जात नाही.
कागद अजून उलटलेला नाही.