ळ उशिरा येतो

ळ उशिरा येतो.
चार वर्षांचं मूल शाळेला साया म्हणतं
आणि त्याच्या लेखी ते बरोबरच असतं.
पर्वती पायथ्याच्या बालवाडीत एकाला मी मुद्दाम म्हटलं,
"सायेत जातोस का?"
तर रागावला. "साया नाही गं, साया!"
त्या दोन सायांमध्ये एक फट आहे,
चौतीस वर्षं मी त्या फटीवर पगार घेतला.

लूनाच्या जाळीत रेकॉर्डर, वर टॉवेल गुंडाळलेला,
येरवड्याहून निघायचं ते थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
टेपवर मुलापेक्षा कुकर जास्त.
पहिल्या वर्षी मी शिट्ट्यासुद्धा लिहून काढल्या, वेळेसकट.
सर म्हणाले, "बाई, ह्या कुठल्या भाषेतल्या?"

मुंढव्याचा नवनाथ, वय सात.
सोबत मुख्याध्यापिकेची चिठ्ठी:
ण म्हणत नाही, उपचार व्हावेत.
मी तपासलं. कान उत्तम, जीभ उत्तम,
ण सांगितला की काढून दाखवायचा, कोलांटी मारून दाखवावी तसा,
आणि पुन्हा पानी प्यायला जायचा.
मी लिहिलं: दोष नाही. आईची बोली आहे.
कागद परत आला,
बोलीखाली तांबडी रेघ.

तेव्हा बाईंना सांगायला हवं होतं
की मी इंदापूरची,
आठवीपर्यंत मीही पानीच प्यायले,
आणि भरतकाम शिकावं तसा ण शिकले, बोट टोचून घेत.
नाही सांगितलं. दुसरा कागद टाइप केला,
शब्द जरा अवघड घातले, तो मान्य झाला.
अजूनही दमले की संध्याकाळी माझा ण घसरतो.
नवरा ऐकतो, बोलत काही नाही.

मग मुलं सुटली, म्हातारे आले.
पक्षाघाताचे वॉर्ड, फिनेलचा वास,
माझी चित्रांची पत्त्यांसारखी चळत.
गजानन खळदकर, एकोणसत्तर,
अप्पा बळवंत चौकात छापखान्यात जन्म गेलेला.
स्वतःचं आडनाव येईना.
पाढा मात्र सुरू करून दिला की
बे दाहे वीसपर्यंत न थांबता जायचे
आणि तिथे पोचले की रडायचे.

घड्याळाचं चित्र धरलं.
"ते... ते हे... ते."
आणि उजवा हात लुळा, म्हणून डावा उठायचा,
हवेत डावीकडे, मग खाली, मग लांब उजवीकडे,
दर वेळी चिमूट.
मी तीन बैठका लिहीत होते:
हाताची निरर्थक हालचाल.
चौथ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने
माझ्या वहीत डोकावून पाहिलं.
तिला वाचता येत होतं, हे मी धरलंच नव्हतं.
"अहो मॅडम," ती म्हणाली, "ते खिळे जुळवतायत."

पुस्तकात होतं, जे शेवटी येतं ते आधी जातं.
मी वर्गात शिकवायचे, फळ्यावर बाण काढून.
इथे एक माणूस
तोंडातून गेलेला ळ हाताने काढत होता,
अंधारात माठावरचा पेला सापडावा तसा.

छापखाना बंद, टाईप वजनावर विकलेला.
मी नातवाच्या ड्रॉइंगच्या कागदावर खण आखले,
शेजारी बसून त्यांची बायको सांगत गेली,
इथे क, इथे घ, काने इकडे, हा बहुतेक ळ.
कागद त्यांच्या मांडीवर ठेवला.
बराच वेळ पाहिलं त्यांनी.
मग ळ च्या खणावर बोट दाबून म्हणाले,
"नाही."
स्वच्छ. बे दाहे वीसनंतरचा पहिला शब्द.

बोट दोन खण पलीकडे सरकलं आणि तिथेच थांबलं.
आम्ही दोघी दप्तर उपसत राहिलो
खोडरबरासाठी.