जागा

कोट्यातनं आलेली नवी मुलगी कुठं खेळवायची,
खडकीच्या मैदानावर तासभर वाद.
डिसोझा सर म्हणतात, स्टॉपर. उंची बघा तिची.
बारटक्के म्हणतात, वाया घालवाल,
असला डावा पाय विंगलाच सोडावा.
मी जर्स्या मोजतो. एक कमी भरते.

परवा गोली आली नाही,
तर ग्लोव्हज चढवून हीच उभी.
दोन अडवले, तिसऱ्याला हसली.

आत्ता कॉर्नरच्या झेंड्यापाशी बसून
बुटाचा सुटलेला तळ सुतळीनं आवळतेय.

शेवटी हाक मारली.
खिलारे, तुला कुठं बरं वाटतं?
"फाटकाच्या बाजूला, सर.
सव्वासातची मंचर एसटी चुकते."

आणि मध्यंतरानंतर? बाजू बदलतात.
ती उठली, बूट आपटून पाहिला.
"मग उजवीकडं."