ड्रेनची नळी

फहाहीलच्या वाचनालयात आज
कोणी उठून पुस्तक काढून देत नाही.
दारावर खर्चकपातीची नोटीस,
तीन भाषांत, तिन्हींत तारीख वेगळी.
सातांपैकी चार पुरेत, असं वर कुठेतरी ठरलंय,
आणि त्या चौघांनाही निम्मा पगार,
जो तसाही रमजानपासून आलेला नाही.

घोषणा नाहीत.
घोषणा दिल्या तर इथे
रात्रीच्या विमानाचं तिकीट फुकट मिळतं.
त्यांनी एवढंच केलं :
आठला हजेरी लावली
आणि वाचकांच्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

मुनियांडी, अकरा वर्षं ही फरशी पुसणारा,
जहाजांच्या चित्रांचं पुस्तक उघडून.
मतीनभाई नकाशात आपली नदी शोधतायत,
बोटांना फिनाइलचा वास.
आणि दिलरुक्षी. तिला मराठी येत नाही,
तरी जिन्याखालची आमची बत्तीस पुस्तकं
हिंदीत कधी मिसळू दिली नाहीत तिने.
एकदा विचारलं, कसं ओळखतेस?
तिने मुखपृष्ठावरच्या ळ वर बोट ठेवलं :
ही गाठ दिसली की तुमचं.

मी श्रीवर्धनचा, एसीचा मेकॅनिक.
माझ्या सहीला इथे किंमत नाही,
खिशातल्या कार्डावर माझ्या नावाखाली
दुसऱ्याचं नाव आहे.
थर्मासमधून सुलेमानी आणली होती, सात कागदी कप.
ती वाटून झाल्यावर काय करायचं, सुचेना.
म्हणून वाचून झालेलं पुस्तक
नेहमीसारखं जिन्याखाली ठेवायला गेलो.

फळीपाशी हात पोचला
आणि दिलरुक्षीने चष्म्यावरून पाहिलं.
काही बोलली नाही.
पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
घरी आईने शिकवलं होतं, वस्तू जागच्या जागी ठेव;
आज जागच्या जागी ठेवणं म्हणजे फितुरी.
पुस्तक परत आणलं, टेबलावर पालथं टाकलं.
शेजारच्या मल्याळी नर्सनेही तिचं टाकलं.
मग एका शाळकरी पोराने, उगाचच, चार.

दुपारी साहेब आले. ढिगाचे फोटो काढले.
माझा कंपनीचा शर्ट ओळखून म्हणाले,
तू एसीवाला ना? जरा बघ, गळतंय.

गळतंय खरं.
रोज मुनियांडी खाली बादली ठेवतो, आज नाही.
आवाजावरूनच कळतं मला,
कॉम्प्रेसर ठीक आहे,
ड्रेनची नळी तुंबलीय फक्त.
पाच मिनिटांचं काम.

मी पान उलटतो.