तीस किलोमीटरवर थांब

आधी फळी. रुंद, खडबडीत,
पहाटेचं दव फडक्याने पुसून घेतलेली.
तू हँडलशी, मी मागून कॅरियरला खांदा लावून.
गिलेरा एकदा अडली, मग चढली ट्रेलरवर.
पुढचं चाक खाचेत बसलं.
"आता सोड," तू म्हणालीस, एलुनेद,
आणि मी लगेच सोडली नाही.

साइड स्टँड वर घेतला.
गाडीने आपल्या दोन चाकांवर उभं राहावं.
स्टँडवर टेकवून बांधणारे पहिल्याच खड्ड्यात शिकतात.
तुझा भाऊ ओसियन शिकला, सिएर्रा ग्रांदेच्या अलीकडे,
टाकीवरचा तो पोचा अजून पाहुण्यांना दाखवतो.

चार पट्टे.
हँडलला बांधायचं नाही, हँडल वाकतं.
खाली, दोन्ही शॉकअप जिथे एका लोखंडात धरलेत,
तिथे आधी मऊ फास
(जुन्या सीटबेल्टचे, माझ्या हातचे, टाके वाकडे),
मग त्यात आकडा.
रंगाला ओरखडा नको.
रंग तू दिलेला, त्या हिवाळ्यात,
स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून,
माझ्याशी चकार शब्द न बोलता.

डावा. उजवा. पुन्हा डावा.
रॅचेटचा एकेक खटका,
आणि शॉकअप खाली जाताना माझी नजर त्यावर.
अर्ध्यावर थांबायचं.
पार दाबलं तर सील फुटतं, तेल गळतं,
आणि खड्डा झेलायला गाडीकडे जागाच उरत नाही.
तुटेपर्यंत ताणू नये,
हे मला गाड्यांच्या बाबतीत नेहमीच कळत होतं.

मागचे दोन, फक्त शेपूट हलू नये इतपत.
पेट्रोलचा कॉक बंद. पहिला गियर.
आरशांवर तुझे लोकरी मोजे, एकाला भोक.
लोंबणाऱ्या टोकांना गाठी.
आणि प्रत्येक पट्ट्याला मधोमध एक पीळ.
सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो,
थरथरून थरथरून झिजतो,
आणि आपल्या पातागोनियाचा वारा
झाडालासुद्धा सरळ उभं राहू देत नाही.

मी गाडी धरून हलवली.
गाडीबरोबर ट्रेलर हलला, ट्रेलरबरोबर पिकअप,
तिच्यातलं शिवणयंत्र, चार खोकी,
पुढच्या सीटवरची जिरेनियमची कुंडी.
"घट्ट आहे," तू म्हणालीस.
"आहे."

बाहिया ब्लांका. साडेसातशे किलोमीटर.
तिथली शाळा, तिथली खोली,
मी नकाशावर पाहिली नव्हती.
"तीस किलोमीटरवर थांब," एवढंच म्हणालो.
"जे सैल व्हायचं ते तेवढ्यात होतं.
मग दर पंपावर नुसता हात लावून बघ."
पॉपलरच्या रांगेमागे ट्रेलरचा लाल दिवा गेला.
मी मातेचा पेला भरला,
सवयीने पुढे केला,
आणि परत घेतला.

पस्तीस मिनिटांनी फोन.
मागे ट्रक, वारा, आणि कापडाची सपासप फडफड,
म्हणजे तू रस्त्याकडेच्या
त्या लाल झेंड्यांच्या देवळीपाशी होतीस.
"पुढचा डावा सैल होता. दोन खटके दिले."
"छान."
"आणि त्याचा पीळ सोडला मी."
"अगं, गुणगुणेल तो."
"गुणगुणू दे की. माझ्याच खिडकीकडचा आहे.
ऐकू येतोय तोवर घट्ट आहे.
गप्प झाला की मी थांबेन."
झिजेल तो, असं म्हणायचं होतं मला.
तू आधीच गाडी सुरू केली होतीस.

सिएर्रा ग्रांदेहून फोन आला नाही.
सान अंतोनिओहून नाही.
रात्री बाहेर गेलो, तर फळी अंगणातच,
तिच्यावर नवं दव.
पुसली, आणि शेडमध्ये उभी करून ठेवली.